दस्तकापासून बोर्डिंग पासापर्यंत



इतिहासावरील व्याख्यान म्हटले म्हणजे लढाया, तह आणि राजघराणी ह्यांची वर्णने ऐकावयास मिळतील, अशी आपली अपेक्षा असते. आज मी ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे, तो त्यामानाने फारच क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. प्रवासात पुनःपुन्हा दाखवावा लागणारा कागद, हा तो विषय होय. परंतु राज्य कसे चालले आहे हे राजवाड्यावरून जितके कळते, त्याहून अधिक ते नाक्यावरून कळते. राजाची आणि सामान्य माणसाची गाठ जर कोठे पडत असेल, तर ती दरबारात नाही, नाक्यावर पडते. आणि तेथे राजाच्या वतीने उभा असतो तो पाचदहा रुपयांचा शिपाई.

हा विषय आजच घेण्यास एक कारणही आहे. २०२५ साली आपल्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून जूनमध्ये गोव्याला आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईला विमाने जाऊ लागली. ह्या विमानतळासाठी गावाने किती वर्षे वाट पाहिली आणि २०२३ साली कारखान्याची चिमणी पाडण्यावरून केवढे वादळ उठले, ते आपणांस ठाऊक आहेच. शुक्रवार पेठेतून रिक्षात बसावे आणि जेवणाच्या वेळेला मुंबईत पोहोचावे, हे आता शक्य झाले आहे. मात्र विमानात पाय ठेवीपर्यंत आपल्याला किती ठिकाणी थांबावे लागते, त्याचा एकदा शांतपणे हिशेब मांडण्याजोगा आहे.

विमानतळाच्या बाहेरच्या दारातच पहारेकरी तिकीट आणि आधारकार्ड मागतो. दोहोंवरचे नाव जुळते की नाही हे पाहतो, एकवार चेहऱ्याकडे पाहतो आणि आत सोडतो. पन्नास पावलांवर विमानकंपनीच्या खिडकीशी तेच तिकीट आणि तेच कार्ड पुन्हा दाखवावे लागते. तेथे बोर्डिंग पास हाती पडतो. मग झडतीची जागा. तेथे पास पाहतात, अंग चाचपतात, पिशवी यंत्रातून काढतात आणि पासावर शिक्का मारतात. विमानाकडे नेणाऱ्या दाराशी कंपनीचा माणूस पास पाहतो, त्यावरचा शिक्का पाहतो आणि पुष्कळ ठिकाणी कार्डही पुन्हा मागतो. कधी कधी शिडीच्या पायथ्याशी पास आणखी एकदा पाहिला जातो. माणूस पहिल्या दारापासून शेवटच्या पायरीपर्यंत तोच असतो, कागदही तोच असतो. झडती सोडली, तर पुढच्या नाक्याने मागच्या नाक्याहून निराळे असे फारसे काही पाहिलेले नसते. जगातील पुष्कळ देशांत विमानतळाच्या इमारतीत शिरण्यास कसलाच कागद लागत नाही; आपल्याकडे पोहोचवायला आलेल्या आईलाही दाराबाहेरूनच हात हालवावा लागतो.

ह्यावर लोक चिडतात आणि त्यांचे चिडणे स्वाभाविक आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने चिडण्याच्या पुढे जाऊन एक प्रश्न विचारला पाहिजे. एकच गोष्ट अनेक जणांनी अनेकदा तपासावी, ही चाल पडते कशी? आणि एकदा पडली म्हणजे ती मोडते कशी? ह्या प्रश्नाचे उत्तर विमानतळावर सापडण्यासारखे नाही. त्यासाठी तीनसाडेतीनशे वर्षे मागे जावे लागेल.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. एकाहून अधिक माणसांनी तपासणी करणे ही काही मुळातच वाईट गोष्ट नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था सांगितली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे बरोबरीच्या दर्जाचे तीन अधिकारी असत. एकट्याच्या हाती गड द्यावयाचा नाही, कारण एक फितूर झाला तर गड जाईल, असा त्यात हेतू होता. तिघे एकमेकांवर नजर ठेवीत, हे खरेच. परंतु तिघांची कामे मात्र निरनिराळी होती. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, पहारा आणि शिबंदी सरनौबताकडे, आणि कोठाराचे काम कारखानिसाकडे. हवालदाराने किल्ल्या मोजल्या म्हणून सबनिसाने त्या पुन्हा मोजाव्यात, असा तो प्रकार नव्हता. प्रत्येकाची नजर निराळ्या वस्तूवर होती, आणि म्हणूनच तिघे मिळून सबंध गड राखला जाई. तपासणीवर तपासणी कोठे उपयोगी पडते, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

ह्याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल तर जकातीकडे वळावे. पेशवाईत मालाच्या वाहतुकीवर जकात होती. माल जेथे भरला तेथे थळभरीत आणि जेथे विकला तेथे थळमोड, अशी तिची नावे होती. आकारणी बैलाच्या ओझ्यावर होई आणि प्रत्येक परगण्यात ती वेगळी भरावी लागे. जकातीचे मक्ते निरनिराळ्या माणसांकडे असत. एकाने दिलेल्या पावतीशी दुसऱ्याला काही कर्तव्य नसे, कारण पहिल्याच्या पेटीत पडलेला पैसा दुसऱ्याच्या उपयोगाचा नव्हता. तेव्हा बैलांचा तांडा एका परगण्यातून दुसऱ्यात शिरला की गोणी पुन्हा उतरवा, पुन्हा मोजा, पुन्हा चढवा. येथेच आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर हाती लागते. नाके वाढतात ते प्रवाशावर फार संशय असतो म्हणून वाढतात असे नाही. प्रत्येक नाक्याचा धनी निराळा असतो आणि एका धन्याचा दुसऱ्यावर विश्वास नसतो, म्हणून ते वाढतात. बिचारा प्रवासी त्या दोघांच्या अविश्वासाची किंमत आपल्या वेळाने चुकती करतो.

पण आपले व्यापारी काही कमी हुशार नव्हते. ह्या अडचणीतून त्यांनी जो मार्ग काढला, त्याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. मोठ्या गावांतून हुंडेकरी नावाचा एक वर्ग उदयास आला. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याला एकदाच ठोक रक्कम द्यावयाची, आणि मग माल मुक्कामी पोहोचेपर्यंत वाटेतल्या सर्व नाक्यांची जबाबदारी हुंडेकऱ्याची. जकातीच्या मक्तेदारांशी त्याचा आगाऊ ठराव झालेला असे, आणि ज्याचे जे देणे निघेल त्याला तो स्वतः बांधलेला असे. एल्फिन्स्टनच्या काळातील इंग्रज अधिकाऱ्यांनी ह्या व्यवस्थेची नोंद करून ठेवली आहे. मालवाहतुकीच्या धंद्यात हुंडेकरी हा शब्द आजही चालतो आणि आडनाव म्हणूनही तो आपल्या भागात आढळतो. परंतु त्यामागचा अर्थ आपण विसरून गेलो आहोत. सगळ्या नाक्यांना मान्य होईल असा एक जबाबदार माणूस मध्ये उभा करणे, हा तो अर्थ होय. नाक्यावरचा शिपाई हुंडेकऱ्याचा माल सोडी, तो काही दयेने सोडीत नसे. चूक झाली तर कोणाला धरावयाचे, हे त्याला पक्के ठाऊक असे.

ह्याच सुमारास बंगालमध्ये कंपनी सरकारने काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. तेथे मालाबरोबर रवाना नावाचा परवाना असे. एकदा महसूल भरून रवाना मिळाला म्हणजे माल खुशाल जावा, अशी कागदावरची योजना होती. पण रस्त्यारस्त्यावर आणि नदीच्या घाटाघाटावर चौक्या होत्या, आणि रवाना व माल जुळतो की नाही हे तपासण्याचा अधिकार चौकीला होता. चार्ल्स ट्रेव्हेलियन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने १८३४ साली ह्या चौक्यांवर सविस्तर अहवाल लिहिला. चौकीवाल्याचा पगार तुटपुंजा आणि माल अडवून ठेवण्याचा अधिकार मोठा, ह्या दोहोंच्या मेळातून काय निष्पन्न होते, ते त्याने उघड करून मांडले. व्यापारी पैसे मोजी ते माल चोरटा असे म्हणून नव्हे. थांबणे परवडत नसे म्हणून. सरकारच्या तिजोरीत जमा होणाऱ्या पैशापेक्षा लोकांना होणारा जाच कितीतरी मोठा होता. ह्या अहवालाने सरकारचे डोळे उघडले. १८३६ साली बंगालमधील ही जकात उठली, पुढील दोनएक वर्षांत मुंबई इलाख्यातील उठली आणि १८४४ साली मद्रासेतील. कोणी एकाने सगळ्या चौक्यांचा हिशेब एकत्र मांडला, तेव्हा कोठे ते घडले. प्रत्येक चौकी स्वतःपुरती पाहिली असती, तर प्रत्येकीच्या बाजूने काही ना काही बोलता आलेच असते.

आता आपण आपल्या गावाकडे येऊ. नाके म्हणजे काय हे सोलापूरला कोणी शिकवावयास नको. हा जिल्हा इंग्रजी मुलखाचा आणि तीन पावलांवर निजामाचे राज्य. तुळजापूरची भवानी, गाणगापूरचे दत्तस्थान, गुलबर्ग्याचा दर्गा ही सर्व आपली श्रद्धास्थाने. पण तेथे जावयाचे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावयाचे. निजामाच्या सरहद्द-जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत, आणि हा शब्द माहीत असलेली म्हातारी माणसे परवापरवापर्यंत आपल्या पेठांतून होती. १९४८ च्या सप्टेंबरात सोलापूरच्या बाजूने भारतीय फौजा नळदुर्गावरून पुढे गेल्या आणि हैदराबाद भारतात आले; पुढील काही वर्षांत ती सरहद्द-जकातही गेली. देवीला निघालेल्या माणसाची वाट तेव्हा खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

तोपर्यंत नाका मुख्यतः मालासाठी होता. तो माणसासाठी उभा राहिला तो प्लेगच्या साथीत. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. पुण्यात ह्या तपासणीने केवढा क्षोभ माजविला, ते सर्वश्रुत आहे. मद्रास इलाख्याने तर प्लेगचा पासपोर्टच काढला होता. दूषित गावाहून आलेल्या उतारूने तो जवळ बाळगावयाचा आणि ठराविक दिवस अधिकाऱ्यापुढे हजर होत राहावयाचे. आपली रेल्वे १८७१ पासून रायचुरास मद्रासच्या रेल्वेला मिळालेली असल्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्या सोलापुरी माणसाच्या वाट्याला हे सर्व येणार हे ठरलेलेच होते. आता तारतम्याने पाहिले तर साथीत तपासणी अवश्य होती. परंतु ताप हा अंगात असतो, कागदावर नसतो. डॉक्टरने अंगाला हात लावून पाहिले तर त्याला अर्थ होता. पुढच्या दहा माणसांनी त्याच्या सहीकडे पाहिल्याने साथ थांबण्यासारखी नव्हती.

१९३० साली १२ मे ते ३० जून ह्या काळात आपल्या गावावर लष्करी कायदा होता. तेव्हा डोक्यावरची पांढरी टोपी हाच माणसाच्या विरुद्ध पुरावा ठरत असे. त्या दिवसांविषयी ह्या गावात पुष्कळ बोलले गेले आहे. मी त्यावर अधिक वेळ घेत नाही. मला थांबावयाचे आहे ते ज्याविषयी फार बोलले जात नाही अशा एका जागेपाशी.

आपल्या गावातील सेटलमेंट ही वस्ती आपणां सर्वांना माहीत आहे. हे नाव कोठून आले, हे मात्र तरुण मंडळींना सांगावे लागते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो नव्याने होऊन सर्व देशाला लागू करता येईल असा झाला आणि आपल्या इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींत जन्माला येणे हाच ह्या कायद्याने गुन्हा ठरविला. त्यांच्यासाठी तारेचे कुंपण घातलेल्या वसाहती झाल्या आणि सोलापूरची वसाहत त्यांतील एक प्रमुख होती. आपल्या गिरण्यांना कामगार हवे होते. तेव्हा कुंपणातली माणसे गिरणीत कामाला येत आणि काम संपले की परत कुंपणात जात. नावांची नोंद, बोटांचे ठसे, रोजची हजेरी, बाहेर जावयाचे तर पास, पोहोचल्यावर पास दाखवा, परतल्यावर पुन्हा दाखवा.

ह्या तपासणीने कोणता गुन्हा उघडकीस येत होता? ज्याने सकाळी हजेरी दिली तोच माणूस संध्याकाळी हजेरी देणार, हे हजेरी घेणाऱ्यालाही ठाऊक होते. येथे तपासणीचा हेतू काही शोधून काढणे हा उरलेलाच नव्हता. तू संशयित आहेस, ही गोष्ट त्या माणसाला रोज आणि त्याच्या मुलांना जन्मापासून आठवण करून देणे, एवढेच तिचे कार्य होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ह्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. तार गेली, परंतु गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम कोणत्या वस्तीकडे वळत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. नाका जमिनीवरून उठला तरी मनातून उठावयास पिढ्या लागतात.

विमानतळावरची रांग आणि सेटलमेंटची हजेरी ह्यांची मी बरोबरी करीत आहे, असे कृपा करून समजू नये. तसे करणे हा त्या लोकांच्या दुःखाचा उपहास होईल. मला एवढेच दाखवावयाचे आहे की पुनःपुन्हा होणाऱ्या तपासणीला एक उतार असतो. ती प्रथम काहीतरी शोधण्यासाठी सुरू होते. पुढे ती सवय होते. आणि शेवटी तिला कोणी जाब विचारणारा नसला, तर समोरच्या माणसाला लहान करण्यापलीकडे तिच्यात काही उरत नाही. उताराच्या वरच्या टोकाला असतानाच सावध झाले पाहिजे.

आता विमानतळाकडे परत वळू. तेथील प्रत्येक नाका का उभा राहिला, हे न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे, कारण त्यांतील पुष्कळांच्या पायाशी खरोखरीच रक्त सांडलेले आहे. १९७१ च्या जानेवारीत श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ नावाचे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. १० सप्टेंबर १९७६ रोजी आणखी एक विमान पळविले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ च्या जानेवारीत विमानांच्या सुरक्षेसाठी एक स्वतंत्र विभाग सुरू झाला. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे प्राणांस मुकली. बाँब ज्या पेटीत होता ती पेटी विमानात चढली होती आणि तिचा धनी मात्र चढला नव्हता. ह्या अपघाताने शिकविलेला धडा असा, की जितक्या पेट्या तितके धनी विमानात आहेत की नाहीत हे मोजलेच पाहिजे. विमानाच्या दाराशी पास पाहतात तो ह्या मोजणीसाठी, आणि तो पाहिलाच पाहिजे. १९८७ साली त्या विभागाचे रूपांतर स्वतंत्र खात्यात झाले, तेही ‘कनिष्क’मुळेच. पुढे २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान कंदाहारला नेण्यात आले आणि ३१ डिसेंबरपर्यंत सारा देश श्वास रोखून बसला. त्यानंतर २००० साली जयपूरपासून आरंभ होऊन विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागला.

पण ह्या घटनांकडे जरा बारकाईने पाहा. कंदाहारचे अपहरणकर्ते खोट्या नावांच्या तिकिटांवर बसले होते. म्हणजे कागद त्यांच्यापाशी होते आणि ते पाहणाऱ्यांचे समाधानही झाले होते. सापडली नाहीत ती हत्यारे. ‘कनिष्क’मध्ये पेटीचा धनी हजर नव्हता, हे कोणी मोजले नाही. दोन्ही ठिकाणी उणीव होती ती निराळ्या वस्तूकडे पाहणाऱ्या नजरेची. तोच कागद आणखी तिघांनी पाहिला असता तरी ती उणीव भरून निघाली नसती. शिवकालीन गडाची नीती येथे लागू पडते. चार माणसे उभी करा, पण चौघांना चार गोष्टी पाहावयास सांगा.

मग त्याच त्या गोष्टी पाहणारे नाके टिकून का राहतात? एक तर बाहेरचा दरवाजा पहारेदलाचा, खिडकी विमानकंपनीची, इमारत तिसऱ्याची आणि नियम करणारे खाते चौथे; म्हणजे परगण्या-परगण्याचे निराळे मक्तेदार ते हेच. दुसरे कारण अधिक खोल आहे. तपासणी वाढविणाऱ्या अधिकाऱ्याला आजपर्यंत कोणी दोष दिलेला नाही. ती कमी करणाऱ्याच्या कारकिर्दीत मात्र काही विपरीत घडले, तर ‘तो नाका असता तर’ असे म्हणणारे हजार लोक पुढे येतील. तेव्हा नाका उभा करावयास एक घटना पुरते. तो काढण्यासाठी मात्र कोणाला तरी आपली सही करावी लागते.

ह्याचे एक अगदी अलीकडचे उदाहरण आहे. हातातल्या प्रत्येक पिशवीला कागदाची चिठ्ठी बांधावयाची, झडतीच्या जागी तिच्यावर शिक्का घ्यावयाचा आणि विमानाच्या दाराशी तो दाखवावयाचा, असा नियम वर्षानुवर्षे होता. चिठ्ठी तुटून पडली की माणसाला पुन्हा मागे धाडीत. वास्तविक झडतीच्या जागेतून पिशवी तपासल्यावाचून पुढे जाऊच नये, हे पाहणे हे त्या जागेचे काम. ते तिने नीट केले तर शिक्का निरर्थक, आणि नीट केले नाही तर शिक्क्यालाही अर्थ नाही. २०१७ च्या आरंभी नियम करणाऱ्या खात्याने शिक्का बंद करण्याचे ठरविले, तेव्हा पहारा करणाऱ्या दलाने आधी पुरेसे कॅमेरे आणि यंत्रे असल्याची खात्री मागितली. हा हट्ट नव्हता. चूक झाल्यास जाब कोणाला विचारला जाणार, हे त्या दलाला ठाऊक होते. अखेर व्यवस्था लागली आणि १ एप्रिल २०१७ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि कोची ह्या सात विमानतळांवर पिशवीच्या चिठ्ठीवरचा शिक्का बंद झाला. विमाने पूर्वीप्रमाणेच उडत राहिली. वर्षानुवर्षे अपरिहार्य वाटणारी गोष्ट एका सकाळी गेली आणि आठवड्याभरात लोक तिला विसरलेही.

आपण म्हणाल, दहा मिनिटे थांबावे लागले तर एवढे काय बिघडले? ज्याचे कागद चोख आहेत त्याचे फारसे काही बिघडत नाही. पण सोलापूर हे चार भाषांचे गाव आहे. येथे पद्मशाली विणकरांच्या घरात घराचे नाव आधी आणि स्वतःचे नाव मागाहून येते. कन्नड नावाचे शेवटचे अक्षर मराठी कारकून एक लिहितो आणि इंग्रजी लिहिणारा दुसरेच लिहितो. आधारकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि नातवाने घाईघाईत काढलेल्या तिकिटावर तिसरे. एका नाक्यावर समजूतदार माणूस भेटला आणि त्याने सोडले, तरी पुढे आणखी तीन नाके आहेत, आणि पहिल्याचा समजूतदारपणा दुसऱ्यावर बंधनकारक नाही. आयुष्यात प्रथमच विमानात बसण्यास निघालेल्या म्हातारीला प्रत्येक नाक्यावर नव्याने सिद्ध करावे लागते की ती तीच आहे. सुशिक्षित माणसाचा वेळ जातो. तिचा धीर जातो. नाक्यांच्या संख्येचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानी क्वचितच येते.

आता ह्यावर एक नवा उपाय निघाला आहे. १ डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी येथे, आणि पुढे पुणे-मुंबईसह इतर ठिकाणी, डिजियात्रा नावाची योजना सुरू झाली. एकदा चेहरा आणि ओळखपत्र यांची नोंद केली, की पुढील दारे चेहरा पाहूनच उघडतात. ती ऐच्छिक आहे. वरवर पाहता हा आपला जुना हुंडेकरीच नव्या वेषात आला, असे वाटते: एकदाच ठराव, आणि सर्व नाके मोकळे. ही सोय आहे ह्यात संशय नाही. परंतु हुंडेकऱ्याचे सामर्थ्य त्याच्या कागदात नव्हते, त्याच्या जबाबदारीत होते. माल अडला तर व्यापारी त्याच्या पेढीवर जाऊन त्याला हाक मारू शके. यंत्राने एखाद्याचा चेहरा ओळखला नाही, किंवा जमा झालेले चेहरे भलत्याच्या हाती गेले, तर आपण कोणाच्या पेढीवर जाऊन हाक मारावयाची? ह्याचे उत्तर स्वच्छ मिळाले तर नवा हुंडेकरी स्वागतार्ह आहे. न मिळाले, तर दारे तेवढी झटपट उघडतील, आणि नाका मात्र दिसेनासा होऊन आपल्याबरोबर चालू लागेल.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे, की नाके नकोत असे म्हणणारा मी नाही. ‘कनिष्क’नंतर तसे कोणी म्हणूही नये. पण प्रत्येक नाक्याला नागरिकांनी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. मागच्या नाक्याने न पाहिलेले असे तू काय पाहतोस? तुझ्या हातून चूक झाली तर ती कोणी निस्तरावयाची? आणि तुझी गरज उरली आहे की नाही, हे कोण व केव्हा तपासणार? पहिल्या प्रश्नाला गडावरच्या तिन्ही अधिकाऱ्यांपाशी उत्तर होते, दुसऱ्याला हुंडेकऱ्यापाशी होते, आणि तिसरा प्रश्न ट्रेव्हेलियनने विचारला तेव्हा चौक्या उठल्या. सेटलमेंटच्या दारात हे प्रश्न विचारणारा कोणी वेळेवर भेटला नाही, म्हणून कित्येक पिढ्या कुंपणात गेल्या.

आपल्या गावात जुना पुणे नाका आहे, जुना विजापूर नाका आहे, जुना बोरामणी नाका आहे. तेथे एके काळी नगरपालिकेच्या जकातीसाठी मालाच्या गाड्या अडत. २०१० नंतर राज्यातील महापालिकांची जकात टप्प्याटप्प्याने बंद झाली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईतील अखेरची जकातही उठली. आता त्या ठिकाणी रिक्षा थांबतात, लोक एस. टी. ची वाट पाहतात, चहा पितात. नाका उठल्यावर तेवढे नाव मागे राहावे आणि त्या नावाचा कोणाला त्रास होऊ नये, ही एखाद्या नाक्याची उत्तम गती म्हणावयाची. विमानतळावरच्या जादा नाक्यांनाही ती लवकर लाभो.